हातावरचा शिकरा

"आत्या, बहिरी ससाणा केवढ्याला पडतोय गं?"

रात्रीचे साडेदहा. फोन दुबईहून. भाचा तिथं एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. बेळगावात आमच्या वडगावात होता तोवर त्याला साळुंकी आणि कोकिळेतला फरक कधी सांगता आला नाही; आता ससाण्यांचे भाव विचारतोय. त्याच्या मालकाच्या बंगल्यात ससाण्यांची वेगळी खोली आहे आणि तिथला एसी बंद पडला की याला मध्यरात्री झोपेतून उठवून नेतात. "आमच्या खोलीतला बंद पडला तर चार दिवस कोण फिरकत नाही," हेही त्यानं हसत हसत सांगितलं. ससाण्यांना तिकडं पासपोर्ट असतात, विमानात माणसाशेजारी जागा मिळते, अबुधाबीत 1999 पासून त्यांच्यासाठी वेगळं इस्पितळ आहे. हे सगळं रोज बघून पोराचं डोकं फिरलं नसतं तरच नवल.

"सुट्टीवर येईन तेव्हा एक घेऊनच टाकतो. पण मला सांग, ऐकू येत नाही तर तो शिकार कशी करतो?"

मला आधी कळलंच नाही. मग ट्यूब पेटली. अरे बाबा, बहिरी म्हणजे बहिरा नव्हे. बह्र म्हणजे समुद्र, बहरी म्हणजे समुद्राकडचा. थंडीत उत्तरेकडून उतरणारा हा पाहुणा आहे. त्याचा इथलाच भाऊबंद शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर घर करतो. चोर्ला घाटाच्या बाजूला मी त्याला एकदाच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत पाहिलाय. सूर मारताना वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो आणि कान दोघांचेही शाबूत असतात.

केवढ्याला पडतो याचं उत्तर त्याहून सोपं होतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे पक्षी धरणं, पाळणं, विकणं, विकत घेणं सगळंच बंद केलंय. बाजदारीला, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याच्या कसबाला, युनेस्कोनं 2010 साली मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली आणि 2021 पर्यंत त्या नोंदीत 24 देश झाले; त्यात भारत नाही. देणारा भेटलाच तर देणारा आणि घेणारा दोघेही आत. "पाळायचंच असेल तर कोंबडी पाळ," म्हणून मी फोन ठेवला.

कोंबडीचं माझ्या तोंडून उगाच आलं नव्हतं.

चौथी-पाचवीत असताना इतिहासाच्या पुस्तकात एका बादशहाचं चित्र होतं. मनगटावर ससाणा. बादशहा कुठला ते विसरले, पक्षी राहिला. ज्याला सगळं आभाळ मोकळं तो आपणहून माणसाच्या मनगटावर येऊन बसतो, हे मला पटतही नव्हतं आणि डोक्यातून जातही नव्हतं. आमच्या घरी दोन माग होते. धोट्याला ठोकर देणाऱ्या पिकरचं झिजलेलं कातडं आप्पा टाकून देत नसत. त्यातले दोन तुकडे आणि थोडं गोणपाट घेऊन मी हातमोजा शिवला आणि आज्जीची तांबडी कोंबडी त्यावर बसवायला घेतली. कोंबडी बसली. बसली ती बसूनच राहिली, तिला कुठं जायचंच नव्हतं. मी हात झटकून "सूट!" म्हटलं की ती धपकन खाली पडायची आणि आज्जी आतून ओरडायची, "अगं सटवे, अंड्यावरची हाय ती!"

पुढं वाचायला लागल्यावर कळलं की या नादासाठी दिल्लीच्या बादशहाकडे जायची गरजच नाही. आमच्या बेळगाव मुलखावर सौंदत्तीच्या रट्टांचा अंमल होता आणि ते ज्यांचे मांडलिक होते त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर 1126 ते 1138 राज्य करत होता. त्यानं 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी माणसाला तो ठाऊक असतो ओवीमुळे: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी त्यात नोंद आहे. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'श्येनविनोद' आहे, म्हणजे ससाण्यांकडून करवलेली शिकार. आज्जीच्या उखळापासून राजाच्या मनगटापर्यंत सगळं एकाच पोथीत. आज्जीला हे सांगायला ती तेव्हा राहिली नव्हती.

या कसबाचे नंतरचे शब्द फारसीतून आले आणि त्यांत एक गंमत आहे. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी, नर लहान. म्हणून मोठं नाव मादीचं. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. शिकरा ही मादी, तिचा नर चिपक. मराठीत आपण 'बाज आला', 'शिकरा बसला' म्हणून सगळ्यांना परस्पर पुरुष करून टाकलंय. मीही या लेखात तेच करणार आहे, सवय जात नाही. शिकरा हा गरिबाचा पक्षी. पटकन शिकायचा, तितर-लावे आणून घरात चूल पेटवायचा. आणि जगभरचे पक्षीशास्त्रज्ञ आजही शिकारी पक्षी धरून पायात कडी घालायला जे साधन वापरतात, ते आपल्या बाजदारांचं आहे: बालछत्री. एवढासा पिंजरा, आत आमिषाला उंदीर किंवा चिमणी, वरून घोड्याच्या केसांचे फास. इंग्रजीतही नाव तेच राहिलंय, बालछत्री. शोधणाऱ्याचं नाव मात्र कुठं नाही.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र मनात खुपायला लागली. ससाणा जीव लागतो म्हणून परत येतो असं मी धरून चालले होते. तसं काही नसतं. सगळा खेळ तराजूचा. बाजदार पक्ष्याला रोज तोलतो. पोट गच्च भरलेला पक्षी झाडावर बसून पिसं साफ करत राहील, तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही. फार उपाशी ठेवला तर दगावेल. मधे कुठंतरी एक वजन असतं, जिथं त्याला भूकही आहे आणि ताकदही आहे. त्या वजनाला तो हातावर येतो, कारण आजवर इतक्या वेळा हातावरच मांस मिळालंय. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या शिकऱ्यात चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले की सगळं बिनसतं. मनगटावरच्या त्या राजेशाही ऐटीत एवढा हिशेब दडलेला असेल, हे चित्रात दिसत नव्हतं.

हे सगळं पुस्तकी. खरा पक्षी हातात आला तो सिमेंटच्या पोत्यातून.

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. गल्लीतली तीन पोरं दारात. "बाई, घार पडलीया. जित्ती हाय." मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून आसपासचं जे काही पडतं, तडफडतं, चावतं ते माझ्याकडे येतं. उजव्या पंखात नायलॉनचा मांजा हाडापर्यंत रुतलेला. या मांज्यावर 2017 पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे, आणि पोरांच्या हातात त्याच मांज्याची रीळ होती.

मी काय केलं ते लाज सोडून लिहिते, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. दुधात पाव कुस्करून दिला. चोच उघडून चमच्यानं पाणी ओतलं. आणि रात्री तिला कोंबडीच्या तारेच्या पिंजऱ्यात ठेवलं. दूध शिकारी पक्ष्याला पचत नाही, पाव हे त्याचं अन्नच नव्हे. ओतलेलं पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी तिथल्या तिथे मरू शकतो. माझी घार वाचली ते तिचं नशीब. आणि तारेच्या पिंजऱ्यात रात्रभर धडपडून तिनं शेपटीची पाच पिसं मोडून घेतली. पंख मांज्यानं कापला, शेपूट मी कापली. करायला हवं होतं ते फार सोपं होतं. जाड टॉवेल टाकून आधी पाय धरायचे, कारण चोचीपेक्षा नख्या वाईट. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवायचं. खायला-प्यायला काही न देता खोकं पोचवायचं. मांजा ओढायचा नाही. दोन्हीकडून कापून रुतलेला तुकडा डॉक्टरसाठी तसाच सोडायचा.

कायद्यानं जखमी वन्यजीव ही सरकारी मालमत्ता. हाती आला की 48 तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. सोमवारी सकाळी खोकं घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेले. गार्ड कानडी, मी मराठी, आणि बोलणं नेहमीसारखं दोन्हींची भेळ. त्यानं झाकण उचलून बघितलं आणि कागदावर लिहिलं: हद्दु. मी म्हटलं, हद्द कशाला, घार आहे. तो हसला. कानडीत घारीला हद्दु म्हणतात, आणि हद्दीलाही हद्दुच. आमच्या भागात या एका शब्दावरून किती कागद रंगले, किती मोर्चे निघाले; आणि इथं हा अर्धा-पाऊण किलोचा हद्दु पुठ्ठ्याच्या खोक्यातून आम्हा दोघांकडे सारख्याच रागानं बघत होता.

डॉक्टर गुरांचे होते, पण हात हलका. त्यांनी पहिल्यांदा घारीच्या छातीवरून बोट फिरवायला लावलं. मधलं हाड सुरीच्या पाठीसारखं लागलं तर पक्षी बऱ्याच दिवसांचा उपाशी. विष्ठा बघायला शिकवलं: पांढऱ्यात काळसर असेल तर पोटात अन्न आहे, नुसती हिरवी असेल तर आतडं रिकामं. उपाशी पक्ष्यापुढे एकदम मांस टाकायचं नाही; आधी ऊब, मग नळीनं क्षारपाणी, मग चिमूटभर मऊ मांस. घार 480 ग्रॅम भरली. खांदा आणि मनगट यांच्यामधला पातळ पडदा फाटला होता. पंखाला ताण देणारा तोच. टाके पडले, पंख इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा बांधला, आणि डॉक्टरांनी बजावलं की पट्टी थोडेच दिवस ठेवायची, नाहीतर सांधा धरतो आणि मग बरी झालेली घारसुद्धा उडत नाही. वनखात्याच्या रोपवाटिकेतली एक खोली रिकामी होती. शाळा सुटली की मी तिथं जायचं असं ठरलं.

बाजदारी मी तिथं शिकले, फक्त उलट्या बाजूनं. तराजू तोच: किचनच्या डिजिटल काट्यावर लाकडाचा दांडा बसवला, रोज वहीत आकडा. बसायच्या दांड्याला काथ्या गुंडाळला, कारण गुळगुळीत सपाट जागेवर बसून तळपायाला गळू होतात आणि शिकारी पक्ष्याचे पाय गेले की सगळं गेलं. खाण्यात नुसतं मांस नाही; हाडं, पिसं, केस यांच्यासकट. हॅचरीत टाकून दिलेली एक दिवसाची कोंबड्याची पिल्लं मिळायची, कधी उंदीर. दुसऱ्या दिवशी न पचलेल्या पिसांचा घट्ट गोळा ती ओकून टाकायची. पहिला गोळा पडला तेव्हा मी तो कागदात गुंडाळून घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर उघडून दाखवला. घरच्यांनी काय म्हटलं ते इथं नको.

राहिली शेपूट. नवी पिसं यायला पुढच्या पीसझडीपर्यंत थांबावं लागलं असतं, तोवर ती खोलीतच. बाजदारांकडे यावर शेकडो वर्षांचा उपाय आहे. मेलेल्या पक्ष्याचं तेच पीस, त्याच क्रमाचं, मोडक्या देठात कलम करायचं. घारीची शेपूट दुभागलेली, कडेचं पीस लांब आणि मधलं आखूड. डाव्याचं उजवीकडे चालत नाही. डॉक्टरांकडे विजेच्या तारेला लागून मेलेली एक घार होती. पण देठ पोकळ, सुईएवढा, आणि त्यात बांबूची काडी बसवायची. माझे हात थरथरायला लागले.

आप्पांना घेऊन गेले. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी ताण्याचे किती हजार धागे सांधले असतील त्याला मोजदाद नाही. डॉक्टरांनी घार टॉवेलात धरली, डोक्यावर टाच कापलेला मोजा चढवला. अंधार झाला की पक्षी गप्प होतो. आप्पांनी बांबूच्या काड्या ब्लेडनं तासल्या, तीन धारा ठेवल्या म्हणजे देठात फिरणार नाहीत. ॲराल्डाइटचा ठिपका, काडी अर्धी इकडे, अर्धी तिकडे, पीस सरळ. पाच पिसांना सव्वा तास. एकदाच बोलले: "रेशीम न्हवं हे, पण जमतंय." घरी येताना रिक्षात म्हणाले, "त्या मांज्याला पीळ नसतोय बघ. पीळ नसलेला दोरा तुटत न्हाई, कापतोय." मग वडगाव येईपर्यंत गप्प.

शेवटचे तीन आठवडे लांब सुती दोरीवर उडवणं. बाजदार दोरीच्या एका टोकाला पक्षी ठेवतो, दुसऱ्या टोकाला मांस धरून बोलावतो. आम्ही बोलवायचं नाही. ती उडेल तिकडे दोरी सोडत पळायचं, दम लागून चोच उघडली की थांबायचं, आणि तिच्यासमोर खाणं कुणी कधी टाकायचं नाही. मी तोंडावर ओढणी घेऊन, दाराच्या फटीतून पिल्लं सरकवायची. दोन महिने रोज बघितलेल्या पक्ष्याला माझी ओळख पटू नये म्हणून एवढी खटपट. वजन 640 झालं. मार्चमधे एका सकाळी, जिथं पडली होती त्याच गल्लीच्या टोकाला खोकं उघडलं. ती कौलावर बसली, मग माडावर, मग वर गेलेल्या तीन-चार घारींत मिसळली. कलम केलेली पिसं जराशी फिक्की होती, त्यावरून पाच मिनिटं ओळखता आली.

तेव्हापासून दर वर्षी डिसेंबर लागला की फोन सुरू होतात. उन्हाळ्यातले फोन वेगळे: पिल्लू पडलंय. त्यातल्या निम्म्यांना डॉक्टर लागत नाही, बुट्टी लागते. वेताची बुट्टी, तळाला थोड्या काड्याकुड्या, त्यात पिल्लू, आणि जमेल तेवढ्या उंचीवर त्याच झाडाला घट्ट बांधायची. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. आई वासावरून नाही, पिल्लाच्या ओरडण्यावरून येते. लांबून दुर्बिणीतून बघत बसायचं. बहुतेक वेळा दोन-तीन तासांत ती बुट्टीच्या काठावर उतरते.

एका घरानं बुट्टी बांधली नाही. खानापूरकडचं गाव, आंब्यावरून पडलेलं शिकऱ्याचं पिल्लू, आणि घरातल्या लेकरांनी जीव लावून वाढवलं. बिनहाडाचं चिकन, रोज, हातानं. चार महिन्यांनी कुणीतरी कायद्याची भीती घातली तेव्हा वनखात्याकडे आणून दिलं. हाडं मिळाली नाहीत म्हणून पाय किंचित वाकलेले. नर, 112 ग्रॅम. खोलीचं दार उघडलं, आणि मी वेल्डिंगचा हातमोजा घातलेला हात अजून पुरता वर केला नव्हता, तोच तो समोरच्या दांड्यावरून सरळ उडत येऊन माझ्या मनगटावर बसला.

पस्तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते असं झालं. पायांची पकड मोज्यातून जाणवत होती. पिवळे डोळे, छातीवर तपकिरी थेंब. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, पंख अर्धवट पसरून थरथरवले आणि घरट्यातल्या पिल्लासारखा ओरडायला लागला. भूक, भूक, भूक. मी त्याची आई होते. कुत्रा आला तरी घाबरेना, कावळा आला तरी घाबरेना. बादशहाच्या मनगटावरचा ससाणा रानात जन्मून, शिकार शिकून मग धरलेला असायचा. याला आपण पक्षी आहोत हेच कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही प्रयत्न केले. मोठ्या जाळीत सरडे सोडले. तो सरड्याकडे बघायचा आणि मग दाराकडे. एकदा पाय जरा सुधारल्यावर रानाच्या कडेला सोडून बघितला, तिसऱ्या दिवशी जवळच्या वस्तीत धुणं वाळत घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसला. त्या बाईनं काठी उचलली नाही हे तिचे उपकार. आता तो कायमचा सरकारी जाळीत आहे. मी महिन्यातून एकदा जाते. डोळे पिवळ्याचे लाल झाले, पाठ निळसर राखी झाली, अंगानं पुरता नर. मी दिसले की अजून पिल्लाचा आवाज काढतो. माझ्या ओढणीचा काही उपयोग होत नाही.

भाचा डिसेंबरात आला. येताना माझ्यासाठी भेट आणली होती: ससाण्याच्या डोक्यावर घालायची कातडी टोपी, लिंबाएवढी, वर रेशमी गोंडा. सुंदर काम. तेराव्या शतकात युरोपातल्या पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक ही टोपी अरबांकडून शिकला, हे मी त्याला ऐकवलं आणि त्यानं ऐकल्यासारखं केलं. आप्पांनी टोपी उलटसुलट करून शिवण बघितली आणि कपाटावरच्या मागाच्या जुन्या कांडीच्या टोकावर बसवून ठेवली. तिथं ती बरोबर बसते.

शिकऱ्याकडे मी त्याला नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येळ्ळूरच्या शिवारात नेलं. बासमती निघालेली, बांधावर दव, राजहंसगडाच्या अंगाला धुकं. कापणी झालेल्या रानात उंदीर उघडे पडतात. पारव्याएवढी कापशी घार, पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, शेताच्या मधोमध हवेत एकाच जागी पंख मारत उभी.

"किती वेळ थांबते गं अशी?"

"उंदीर दिसेपर्यंत."

ती पाय सोडून खाली आली, गवतात गेली, रिकामीच वर आली. पुन्हा उभी राहिली. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा बांधापलीकडे उतरली ती वर आलीच नाही. भाच्याच्या खिशात फोन वाजत होता, दुबईचा नंबर असणार. तो चिखलात टाचा उंच करून पलीकडे बघत उभा होता.